छोट्या व्यवसायाचे मराठी वेबपेज स्वतः कसे लिहावे

ज्याला आपल्या मालाचे दरपत्रक नीट लिहिता येते त्याला साधे वेबपेजही लिहिता येते. त्यासाठी विंडोजमधील नोटपॅड आणि कोणताही ब्राउझर एवढे पुरते. माझ्या मसाल्यांच्या व्यवसायासाठी आणि ओळखीच्या दुकानदारांसाठी मी अशी पाने अनेकदा लिहिली आहेत, त्यामुळे नवशिक्याला आधी जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला सांगणारा सल्ला मला अजिबात मान्य नाही. पत्ता, वेळ, दर आणि फोन एवढेच दाखवणाऱ्या पानाला जावास्क्रिप्ट लागत नाही. छापील पत्रकाचे चित्र पानावर चिकटवून मोकळे होण्याचा सल्ला तर त्याहून वाईट आहे, कारण चित्रातल्या अक्षरांवर ग्राहकाचा शोध सहसा पोहोचत नाही, मोबाइलवर ती वाचवत नाहीत आणि शेंगदाणा चटणीचा भाव पाच रुपयांनी वाढला तरी चित्र पुन्हा करून घ्यावे लागते.

पानाचा सांगाडा एचटीएमएलमध्ये, म्हणजे मजकुराचा कोणता भाग काय आहे हे 'टॅग' नावाच्या खुणांनी सांगणाऱ्या भाषेत, लिहायचा असतो. सर्वांत वर डॉकटाइपची ओळ, मग एचटीएमएल हा टॅग, त्याच्या आत ब्राउझरसाठीच्या सूचनांचा हेड आणि ग्राहकाला दिसणाऱ्या मजकुराची बॉडी. मथळ्याला एच१, परिच्छेदाला पी, दरपत्रकाला टेबल, चित्राला आयएमजी आणि दुव्याला ए हे टॅग घेतले की दुकानाच्या पानाचे बहुतेक काम भागते. टॅगची नावे इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, फाइलमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करावीत. त्यांतील अवतरणचिन्हे सरळ उभी हवीत. वर्डमधून कोड उचलला तर वळणदार चिन्हे येतात, ब्राउझर त्यांना अवतरणचिन्ह मानत नाही आणि दुवा किंवा चित्र बिघडते.

आता खऱ्या अडचणीच्या टप्प्याकडे येऊ. तो म्हणजे पानावर मराठी मजकूर धडपणे उमटवणे. इंग्रजीतून शिकवणारे लोक तो एका ओळीत उरकतात, कारण त्यांना ती अडचण कधी आलेलीच नसते. मी सुरुवातीला सर्वाधिक अडखळलो तो याच टप्प्यावर, म्हणून तो सविस्तर सांगतो.

छापखान्याकडून मिळालेला मजकूर बहुधा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. अशा फाइलमध्ये खरी अक्षरे इंग्रजीच असतात आणि फॉन्ट त्यांवर फक्त देवनागरी आकार चढवतो. हा मजकूर व्हॉट्सअॅपच्या संदेशात चिकटवून पाहावा. मराठी मराठीच राहिली तर तो युनिकोड आहे, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीत आहे. इंग्रजी अक्षरांची भेळ झाली तर तो वेबसाठी निरुपयोगी आहे. 'फॉन्ट सर्व्हरवर (पान जिथून ग्राहकापर्यंत जाते त्या संगणकावर) चढवा म्हणजे दिसेल' असे कोणी सांगितले तर ऐकू नये, कारण पान डोळ्यांना मराठी दिसले तरी शोधयंत्राला आणि अंधांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या साधनांना ते अर्थहीनच राहते.

रूपांतर करणारी साधने मिळतात, परंतु त्यांनी दिलेला प्रत्येक शब्द तपासल्याशिवाय पानावर घालू नये. जुन्या फॉन्टमध्ये 'किलो' लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि क नंतर येतो, तर युनिकोडमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर. 'दर्जा'तला रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये र् आधी लागतो. हा क्रम चुकला की वेलांटीजवळ ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. 'खोबऱ्याची चटणी' हे शब्द मी नेहमी कसोटीला घेतो, कारण अनेक साधने तिथे 'खोबर्याची' करून ठेवतात. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या प्रमाणित कळफलकावर शिफ्ट दाबून र ची कळ दाबली की नुक्ता असलेला ऱ मिळतो. त्याला हलन्त देऊन य जोडावा. दरपत्रक लहान असेल तर रूपांतराच्या फंदात न पडता ते सरळ नव्याने टाइप करणे शहाणपणाचे ठरते.

मजकूर युनिकोड झाला तरी फाइल साठवताना तो बिघडू शकतो. नोटपॅडमध्ये 'सेव्ह अॅज' करताना एन्कोडिंगच्या (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीच्या) जागी यूटीएफ-८ ही युनिकोडची पद्धत निवडावी. २०१९ पासूनच्या नोटपॅडमध्ये नव्या फाइलला तेच आपोआप लागते, पण जुन्या संगणकावर एएनएसआय ही जुनी पद्धत असते आणि त्यात साठवलेली मराठी अक्षरे प्रश्नचिन्हे होऊन कायमची जातात. ती परत आणण्याचा उपाय नाही. त्यानंतर हेड उघडताच, शीर्षकाच्याही आधी, चारसेट यूटीएफ-८ असल्याचे सांगणारी मेटा ओळ लिहावी. नियमानुसार ती फाइलच्या पहिल्या १,०२४ बाइटांत असावी लागते. ती लिहायची राहून गेली तर देवनागरीच्या एकेका अक्षरचिन्हाच्या जागी तीन-तीन निरर्थक चिन्हे दिसू शकतात, कारण यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइट घेते. असे दिसले तर घाबरू नये. मजकूर शाबूत असतो आणि ओळ घातली की पान दुरुस्त होते. रिकाम्या चौकटी दिसल्या तर मात्र दोष त्या यंत्रावर देवनागरी फॉन्ट नसण्याचा असतो. बिघाड कोणता हे ओळखल्याशिवाय फाइलला हात लावू नये. घाईने पुन्हा साठवण्यात चांगला मजकूरही जातो.

एचटीएमएल टॅगमध्ये लँग या गुणधर्माला 'एमआर' हे मूल्य द्यावे. आयत्या नमुन्यात तिथे इंग्रजी किंवा हिंदीचा संकेत असतो आणि बहुतेक जण तो तसाच ठेवतात. मराठीचा संकेत दिल्यावर वाचून दाखवणारी साधने योग्य आवाज निवडू शकतात आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे उमटतात.

सजावटीसाठी सीएसएस लागते. मुंबईच्या एक टाइप या गटाचा 'मुक्ता' हा फॉन्ट मुक्त परवान्याने मिळतो आणि दरपत्रकाला शोभतो. वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकू नयेत म्हणून ओळींची उंची १.६ च्या आसपास ठेवावी. अक्षरांमधले अंतर वाढवणारी लेटर-स्पेसिंग ही सूचना मराठीला कधीही लावू नये, तिने शिरोरेषा तुटते.

मोबाइलसाठी हेडमध्ये व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान पडद्याच्या रुंदीला बसवणारी, मेटा ओळ घालावी.

फोनच्या दुव्यात टेल हा शब्द, अपूर्णविराम, अधिकचिन्ह (+) आणि ९१ सह क्रमांक असे लिहावे. दिसणारा क्रमांक देवनागरीत चालतो, पण दुव्याच्या आतले अंक इंग्रजीच हवेत, नाहीतर फोन लागत नाही. खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक पानाच्या तळाशी द्यावा.

फाइलींची आणि चित्रांची नावे लहान इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवावीत. विंडोज लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, परंतु बहुतेक सर्व्हर लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर चालतात आणि ते हा फरक करतात. घरच्या संगणकावर दिसणारा मसाल्याचा फोटो सर्व्हरवर गायब होण्याचे हे नेहमीचे कारण आहे. मुख्य फाइलचे नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल (index.html) ठेवून ती होस्टिंगवर, म्हणजे सर्व्हरवरच्या आपल्या जागेत, चढवावी. डोमेनची (पानाच्या वेबपत्त्याची) नोंदणी, पान कोणीही चढवले तरी, स्वतःच्याच नावाने आणि स्वतःच्याच ईमेलवर करावी, म्हणजे दरवर्षी नूतनीकरणाची सूचना थेट तुमच्याकडे येईल.