चाळीतला कांदा कधी काढायचा?

आमच्या निफाड तालुक्यात उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, गेला की घरादाराची झोप उडते. रोज एकच विषय, आज काढायचा की थांबायचं? हिशोबाची वही माझ्याकडे असते, म्हणून सांगते.

आधी डोक्यात अडकलेला भाव बाहेर काढा. सासऱ्यांच्या डोक्यात कधीकाळचे क्विंटलला चार हजार बसलेत. त्यापुढे आजचे पंधराशे त्यांना भीक वाटतात. कांद्याला ते चार हजार माहीत नसतात, तो चाळीत मुकाट वाळतो, सडतो.

म्हणून घट मोजा. कांद्याने भरलेली एक जाळीची गोणी वजन करून चाळीत ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी काट्यावर घाला. १०० क्विंटल आज १,५०० ने गेला तर दीड लाख. पुढे २५ टक्के घट आली तर उरतो ७५ क्विंटल, आणि त्याच दीड लाखासाठी भाव लागतो २,०००. म्हणजे पाचशे वाढूनही हाती रुपया जास्त नाही, वर निवडणीची मजुरी. हे मी खडूने चाळीच्या दारावरच लिहिलंय. वहीत कोण बघतंय?

मग स्वतःला विचारा, खिशात दीड लाख असते तर ह्याच भावाने कांदा विकत घेऊन चाळीत भरला असता का? आमचे हे म्हणाले, "येडी का तू?" मग ठेवलाय कशाला? डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हेच मांडलं. मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख मोठं, आणि तोटा समोर दिसला की माणूस जुगार खेळतो. स्वस्तात विकण्यापेक्षा सडवणं सोपं जातं, कारण सडलेल्याची पावती फाडली जात नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो जास्तीत जास्त भाव, एखाद्याच ट्रॅक्टरला मिळालेला. तुम्ही सरासरी बघा. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, त्याच्याही खाली जाणार.

२०२३ ला आम्ही सगळा माल धरून बसलो. १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, लिलाव बंद पडले. तेव्हापासून चाळीचे तीन भाग करतो, पहिला जूनमध्ये, दुसरा ऑगस्टमध्ये, तिसरा दिवाळीच्या आत विकायचा. तारखा मे महिन्यातच ठरवायच्या. लिलावाच्या सकाळी ठरवलं तर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर निघाला की आपलाही निघतो.

विकून आल्यावर आठ दिवस भाव बघायचा नाही. आमचे हे बघतातच. रात्री, पांघरुणात मोबाईल घेऊन.