खाणीच्या ढिगाऱ्यावर माती आणि हिरवळ परत आणताना

वणी, राजुरा, घुग्घुस, बल्लारपूर या भागातून जाताना सपाट शेतांच्या मागे जे डोंगर दिसतात, त्यांपैकी बरेचसे उघड्या कोळसा खाणींतून उपसलेल्या दगडमातीचे ढिगारे असतात. कोळशापर्यंत पोचताना जमीन अक्षरशः उलटी होते. कापूस पिकवणारी काळी माती तळाशी गाडली जाते आणि खोलवरचा वालुकाश्म व शेल (चिकणमातीचा पापुद्र्यांसारखा फुटणारा दगड) माथ्यावर येतो. अशा ढिगाऱ्यावर थेट लावलेली रोपे पहिल्याच उन्हाळ्यात वाळतात. दोष रोपांचा नसतो, तेथे मुळांना धरायला मातीच नसते. म्हणून माती जपण्याचे काम खाण उघडण्याच्या आधीच हाती घ्यावे लागते.

वरचा पंधरा ते तीस सेंटिमीटरचा थर मृगाच्या आधी, माती कोरडी असताना वेगळा काढावा, कारण ओल्या काळ्या मातीवरून यंत्रे फिरली की ती दाबली जाऊन तिच्यातील हवेच्या वाटा बंद होतात. साठवतानाचे ढीग दीड-दोन मीटरपेक्षा उंच करू नयेत. उंच ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही आणि जिवाणू, बुरशी व बियाणे मरून जाते. माती लगेच पसरायची नसेल तर ढिगावर ताग किंवा धैंचा पेरून ती जिवंत ठेवावी. ही माती नेहमीच अपुरी पडते. ती तीव्र उतारावर पसरून पावसात घालवण्यापेक्षा सपाट माथ्यावर आणि लागवडीच्या खड्ड्यांत वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर उताराकडे वळावे. डंपरने ओतलेला ढिगारा सुमारे सदतीस अंशांवर थांबतो आणि त्या उतारावर काहीही टिकत नाही. टप्पे पाडून एकूण उतार अठ्ठावीस अंशांच्या आत आणावा, प्रत्येक टप्प्याला आतल्या बाजूस किंचित ढाळ द्यावा, पायथ्याशी दगडी बांध घालून सभोवार चर खोदावा आणि चराचे पाणी गाळ बसवणाऱ्या तळ्यातून गेल्याशिवाय नाल्यात सोडू नये. यात कुचराई झाली तर ढिगाऱ्याचा गाळ खालच्या शेतकऱ्याच्या उभ्या पिकात जातो, आणि त्या शेतकऱ्याने खाणीला जमीन दिलेलीही नसते. माथा डंपरच्या फेऱ्यांनी सिमेंटसारखा घट्ट झालेला असतो. तो समपातळीत अर्धा मीटर खोल फाडून घ्यावा.

मातीची तपासणी वेगवेगळ्या टप्प्यांवरील नमुने घेऊन करावी. कोळशासोबतच्या काळ्या शेलमध्ये गंधकयुक्त खनिज असेल तर हवा-पाण्याशी संयोग होऊन आम्ल तयार होते; असा माल खोल गाडावा आणि वरच्या थराला तपासणीनुसार चुना द्यावा. नत्र आणि सेंद्रिय कर्ब जवळजवळ नसतोच. त्यासाठी शेणखत किंवा साखर कारखान्यातील प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) वापरावे. नागपूर जिल्ह्यातील गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर नीरी या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने प्रेसमड आणि जिवाणूखते यांच्या जोडीनेच झाडी उभी केली.

पहिल्या पावसाळ्यात झाडांची घाई करू नये. आधी गवत आणि शेंगवर्गीय पिके लावावीत: मारवेल, पवना, स्टायलो, धैंचा, तर टप्प्यांच्या कडेला वाळा. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2020 मध्ये खाणकाम संपलेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवण्याची अट खाणपट्टाधारकांवर घालण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले आहेत. पेरणीनंतर साधारण सहा आठवड्यांनी धैंच्याचे एखादे रोप हलकेच उपटून मुळांवरची गाठ नखाने कापून पाहावी. आत गुलाबी-तांबूस रंग दिसला तर नत्र स्थिर होत आहे. गाठ पांढरट किंवा हिरवट निघाली, तर पुढच्या पेरणीच्या बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र स्थिर करणारे जिवाणू) चोळल्याशिवाय राहू नये.

दुसऱ्या वर्षी दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर पंचेचाळीस सेंटिमीटरच्या खड्ड्यांत खैर, करंज, शिसव, शिवण, कडुनिंब, सीताफळ, बोर, बांबू अशी मिश्र लागवड करावी. रोपवाटिकेतील पिशव्यांत जवळच्या जंगलातील त्याच जातीच्या झाडाखालची मूठभर माती मिसळावी, म्हणजे मुळांशी सहजीवन करणारी बुरशी सोबत येते. नुसती सुबाभूळ किंवा निलगिरी लावून ढिगारा लवकर हिरवा दिसतो, पण त्याखाली दुसरे फारसे काही उगवत नाही. गाजरगवत आणि घाणेरी मात्र फुलण्याआधीच उपटावी.

लावलेल्या रोपांचा आकडा सगळे सांगतात. जगलेल्यांची मोजणी तिसऱ्या उन्हाळ्यानंतर करावी. तोपर्यंत आच्छादन, पाणी, मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे, जनावरांपासून राखण आणि फाल्गुनाच्या आधी वणव्यासाठी जाळरेषा, हे सारे नेमाने चालू राहिले पाहिजे. पुढच्या पावसाळ्यात झाडाखालचा पालापाचोळा बाजूला करून पाहावा. खालची माती दमट असेल, गांडुळाची बारीक विष्ठा दिसत असेल आणि कोणीही न लावलेली रोपे बियांतून उगवत असतील, तरच राखणदार काढावा.