टाचेमागची शीर दुखतेय? या चुका टाळा

सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा-वीस पावलं लंगडत पडतात. मग टाच मोकळी होते, दुखणं विसरायला होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा हजर. टाचेच्या दोन ते सहा सेंटिमीटर वर चिमटीत धरलं की कळ येते, कधी तिथे जाडसर गाठ लागते. हे अकिलीस टेंडनचं दुखणं. आपण तिला ‘शीर’ म्हणतो, पण ती रक्तवाहिनी नव्हे. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारा तो शरीरातला सर्वांत जाड दोर आहे.

फिजिओथेरपिस्ट म्हणून मला सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे पूर्ण विश्रांती. तीन आठवडे पाय उचलून बसायचं, दुखणं गेलं की रविवारी थेट दहा किलोमीटर धावायचं किंवा गड चढायला निघायचं. आराम केल्यावर टेंडन बरा होत नाही, उलट कमकुवत होतो. त्याला रक्तपुरवठा बेताचा असतो, त्यामुळे दम आणि स्नायू तयार झाले तरी तो मागेच असतो. धावणं, उड्या, चढ कमी करा. सपाटीवर चालणं, सायकल, पोहणं चालू ठेवा. व्यायाम करताना दहापैकी पाचपर्यंत दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या सकाळी टाच नेहमीपेक्षा जास्त आखडली असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा.

दुसरी चूक प्रेमापोटी होते. ‘शीर आखडलीय’ म्हणून घरातलं कुणीतरी तेल लावून अंगठ्याने जोरात रगडतं, किंवा पायरीवरून टाच खाली लोंबवून ताण देतं. दुखरी जागा अगदी हाडालगत असेल तर हा ताण घातकच, कारण टेंडन हाडावर दाबला जातो. अशा लोकांनी काही आठवडे उकिडवं बसणं आणि सपाट चपला टाळाव्यात, टाच थोडी उंच असलेले बूट घालावेत. घरात फरशीवर अनवाणी चालणंही टाळावं.

खरा उपाय म्हणजे मोजून दिलेला भार. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ हॉकान आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेला व्यायाम आजही वापरात आहे. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून दोन्ही पायांनी वर जायचं, मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश खाली न्यायची. गुडघा सरळ ठेवून 15 वेळा, असे तीन फेरे. गुडघा किंचित वाकवून तेवढेच. दिवसातून दोनदा, 12 आठवडे. सोपं वाटू लागलं की पाठीवर सॅकमध्ये वजन घ्यायचं. हाडालगत दुखत असेल तर हेच जमिनीवर करा, टाच पायरीखाली नेऊ नका. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात ‘फरक नाही’ म्हणून सोडतात. मला याचंच जास्त वाईट वाटतं, कारण फरक बहुधा त्यानंतरच दिसू लागतो.

वेदनाशामक गोळी दुखणं दाबते, टेंडन सुधारत नाही. अकिलीसमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतल्यास तो तुटण्याचा धोका असतो. आणि आधी कोणती औषधं चालू होती ते डॉक्टरांना जरूर सांगा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक्सवर टेंडन तुटण्याचा ठळक इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2008 मध्ये घालायला लावला. साठी ओलांडलेल्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका जास्त. यांपैकी एखादं अँटिबायोटिक सुरू असताना टाच दुखू लागली तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

टाचेच्या तळव्याखाली दुखत असेल तर तो वेगळा आजार आहे. आतल्या घोट्यामागे दुखतंय, तळपायाची कमान बसत चाललीय आणि त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही, तर तिथला टेंडन निकामी होत असू शकतो. अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका.

बॅडमिंटन खेळताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं झालं, ‘टक्’ आवाज आला, तर टेंडन तुटलेला असू शकतो. माणूस तरीही लंगडत चालू शकतो, म्हणून घरचे मुरगळा समजून लेप लावतात आणि मोलाचे दिवस जातात. त्याला पालथं झोपवा, पावलं पलंगाबाहेर राहू द्या, आणि पोटरी हाताने दाबा. चांगल्या पायाचं पाऊल हलतं. दुखऱ्या पायाचं हललं नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.