गावच्या घराचे कॅमेरे मोबाईलवर बघायचेत? कॅमेरेवाला यायच्या आधी एवढं करा

गणपतीला कोकणात जाताय आणि त्याच फेरीत बंद घराला कॅमेरे बसवून पुण्या-मुंबईतून बघायचा विचार असेल तर तयारी आत्तापासून करा, कारण कॅमेरे भिंतीला लावणं हे एका दिवसाचं काम, पण तुम्ही परत आल्यावर पडवी दिसेनाशी झाली तर बघायला तिकडे कोणी नसतं.

पहिलं नेट. सगळे डाउनलोड स्पीड विचारतात पण इथे लागतो अपलोड, चित्र घरातून बाहेर जायचंय ना. 2 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला एच.265 वर (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) चांगल्या क्वालिटीत साधारण 2 एमबीपीएस लागतात आणि सबस्ट्रीमवर, म्हणजे त्याच कॅमेऱ्याच्या हलक्या, कमी क्वालिटीच्या चित्रावर, अर्धा एमबीपीएसच्या आसपास, म्हणजे चार कॅमेरे एकदम बघायला सबस्ट्रीम ठेवली तर 2 एमबीपीएस अपलोडमध्ये भागतं. वाडीत फायबर आलं असेल तर प्रश्नच नाही, नाहीतर सिमवाला 4जी राउटर घ्या, पण स्पीड रात्री आठ-नऊला तपासा, तेव्हा सगळेच मोबाईलवर असतात. सिमवर 24 तास क्लाउड रेकॉर्डिंग (इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर) मात्र नको, 2 एमबीपीएसने एकच कॅमेरा दिवसाला 21-22 जीबी खातो. रेकॉर्डिंग घरातल्या हार्ड डिस्कवरच करा, चार कॅमेरे आणि 1 टीबी म्हणजे साधारण 11 दिवस, त्यानंतर जुनं पुसलं जातं, त्यामुळे महिन्याभराचं हवं असेल तर डिस्क मोठी घ्या किंवा फक्त हालचाल झाल्यावर रेकॉर्ड होईल असं सेटिंग करून घ्या.

आता लाइट. डीव्हीआर (ती हार्ड डिस्क असलेला रेकॉर्डिंगचा डबा), कॅमेऱ्यांचा पॉवर सप्लाय, फायबरचा डबा आणि राउटर, या चारही गोष्टी इन्व्हर्टरवर पाहिजेत, आणि होतं काय की डीव्हीआर इन्व्हर्टरवर जातो पण फायबरचा डबा दुसऱ्या खोलीत असतो म्हणून राहून जातो, मग लाइट गेली की रेकॉर्डिंग चालू पण मोबाईलवर काळोख. शिवाय आपल्याकडे घर बंद करताना मेन स्विच पाडायची सवय असते! वायरमनला सांगून कॅमेऱ्यांची लाइन वेगळ्या एमसीबीवर घ्या, म्हणजे मेन न पाडता बाकीच्या लाइनी बंद करता येतील, आणि त्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा. विजांचा त्रास असतो, सर्ज प्रोटेक्टर बसवाच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अकाउंट, आणि यात मी अजिबात तडजोड करू देणार नाही. कॅमेरेवाला म्हणतो "द्या, मी करून देतो" आणि स्वतःच्या नंबरवरून डीव्हीआर अ‍ॅपमध्ये टाकतो, तुम्हाला फक्त शेअर करतो. म्हणजे तुमचं घर मालक म्हणून त्याच्या मोबाईलवर, आणि उद्या तुम्ही स्वतः टाकायला गेलात की हे डिव्हाइस दुसऱ्या अकाउंटला जोडलेलं आहे असा मेसेज येतो, मग त्याच्या मागे लागा काढून टाक म्हणून. त्यामुळे अ‍ॅप आधीच आपल्या मोबाईलवर घ्या, आपल्या नंबरवर अकाउंट उघडा, डीव्हीआरखालच्या स्टिकरचा क्यूआर कोड आपणच स्कॅन करा, आणि त्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, एकदा डीव्हीआर कपाटावर गेला की तो कोड परत वाचता येत नाही. भाऊ-बहिणीला नंतर शेअर करा, फक्त बघण्यापुरतं.

अ‍ॅडमिनचा पासवर्ड नवीन आणि लांब पाहिजे, मोबाईल नंबर किंवा 12345 नको. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीचेच पासवर्ड ठेवलेले असे लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, आणि मालकांना बहुतेक पत्ताच नव्हता. फर्मवेअर (डीव्हीआरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट तिथेच करून घ्या. कोणी पोर्ट फॉरवर्डिंग करूया (राउटरमधून बाहेरच्यांना थेट डीव्हीआरपर्यंत वाट उघडूया) म्हणालं तर नको म्हणा, डीव्हीआर थेट इंटरनेटवर उघडा पडतो, आणि आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनला स्वतंत्र पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, मिळतच नाही (राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी 100.64 ते 100.127 ने सुरू होणारा दिसला तर समजायचं), मग ते चालतही नाही. क्यूआर स्कॅन करून अ‍ॅपमधून बघायची पद्धत (हिला पीटूपी म्हणतात) पुरते. वायफाय कॅमेरा असेल तर बहुतेकांना 2.4 गिगाहर्ट्झच लागतं, 5 वर जोडत बसू नका.

शेवटचे पैसे द्यायच्या आधी मोबाईलचं वायफाय बंद करा आणि मोबाईल डेटावर बघा, घरच्या वायफायवर दिसणं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. लाइव्हबरोबर काल रात्रीचं प्लेबॅकही उघडा, तारीख-वेळ बरोबर आहे का बघा, आणि एकदा मेन स्विच पाडून इन्व्हर्टरवर सगळं चालतंय का तेही. शेजाऱ्यांचं अंगण दिसत असेल तर कॅमेरा फिरवा किंवा तेवढा भाग सेटिंगमधून मास्क करा (झाकून टाका), आणि झाडलोट करायला येणाऱ्या काकींना कॅमेरे आहेत हे सांगा.

चावी ज्यांच्याकडे ठेवणार त्यांना राउटर बंद करून दहा आकडे मोजून परत चालू करायचा हे हाताने करून दाखवा. आणि त्यांना एक लांब दांड्याचा झाडू कॅमेऱ्यासाठी सांगून ठेवा, रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड लाइटपाशी किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि काचेसमोर जाळं झालं की रात्रभर सगळं पांढरं दिसतं आणि अलर्ट वाजत राहतात.