पाठ टेकल्यानंतरची कुस्ती: जिउ-जित्सूची जिम निवडताना

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी संभाजीनगरात जालना रोडवरच्या एका जिउ-जित्सूच्या जिमला वर्षाची फी एकदम भरली. जिउ-जित्सू म्हणजे जमिनीवर पकड करून, गळा किंवा हातपाय अडकवून समोरच्याला हार मानायला लावायची ब्राझीलमधली कुस्ती. ३६,००० रुपये. वर ७,००० चा गी (सरावाचा जाड कापडी पोशाख), कारण तिथं त्यांच्याच लोगोचा गी चालायचा. ऑगस्टअखेर मी जाणं सोडलं. डायरीत हजेरी मांडायची सवय आहे, त्यामुळे आकडा पक्का सांगतो: ४१ क्लास. गीचे पैसे बाजूला ठेवले तरी एका क्लासला जवळपास ८८० रुपये पडले. आज बजाजनगरात एका दुकानाच्या वर पत्र्याच्या शेडमध्ये शिकतो, महिन्याला १,५०० देतो. तिथल्या पहिल्या वर्षात १४२ क्लास झाले, म्हणजे क्लासमागं १२७ रुपये. कुणी नवीन मुलगा जिमबद्दल विचारायला आला की मी आधी हा हिशोब त्याच्यासमोर ठेवतो.

पण यावरून ‘स्वस्त ते चांगलं’ असं समजू नका. पहिल्या जिममध्ये मला जे मिळालं त्याची किंमत मी नाकारत नाही. तिथला अभ्यासक्रम लिहिलेला होता. या आठवड्यात क्लोज्ड गार्ड (खालून दोन्ही पायांनी समोरच्याला कवळणं), पुढच्या आठवड्यात माउंटमधून (वर बसलेल्याच्या खालून) सुटका, असं आधी ठरलेलं असायचं. पडायचं कसं, हनुवटी छातीला लावून हात कधी आपटायचा, हे त्यांनी पंधरा दिवस घोटून घेतलं. आजही पडल्यावर डोकं वाचतं ते त्याच पंधरा दिवसांमुळे.

माझी अडचण वेगळी होती. मी वाळूजच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत क्वालिटीला आहे आणि माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते. जिमचा मोठ्यांचा क्लास एकच, संध्याकाळी सातला. सेकंड शिफ्टचा आठवडा आला की सगळा आठवडा बुडायचा. फर्स्ट शिफ्टला सुटून घरी यायचं, परत गाडी काढायची, पंधराएक किलोमीटर ट्रॅफिकमधून जायचं आणि रात्री तसंच परत. फी भरताना हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. काच, एसी, भिंतीवरचे पदक घेतलेल्या मुलांचे फोटो आणि जिम ज्या मोठ्या संस्थेशी जोडलेली होती त्या अफिलिएशनचं नाव बघून मनानं ठरवून टाकलं होतं. कंपनीत सप्लायरचं नाव कितीही मोठं असो, सॅम्पल मोजल्याशिवाय मी माल पास करत नाही. इथं मात्र मोजलंच नाही.

आपल्याकडच्या लोकांना हे नवीन नाही. लातूरच्या क्लासेसच्या बोर्डांवर गुणवंतांचे फोटो बघतच आपण मोठे झालो. शहाणे पालक एवढंच विचारतात, माझ्या पोराच्या बॅचला फिजिक्स शिकवणार कोण? जिममध्येही हाच प्रश्न विचारा: मी ज्या वेळेला येणार, त्या वेळेला मॅटवर कोण असेल?

माझ्या पहिल्या जिमच्या भिंतीवर ज्या ब्लॅक बेल्ट सरांचं नाव होतं, ते दुसऱ्या शहरात राहायचे. सेमिनारसाठी वर्षातून दोनदा यायचे. रोजचा क्लास एक ब्लू बेल्ट घ्यायचा. ब्लू बेल्टनं शिकवण्यात काहीच कमीपणा नाही. मराठवाड्यात शिकायचं तर बहुतेक ठिकाणी ब्लू किंवा पर्पल बेल्टच शिकवणार, आणि नवख्याला पहिली दोन वर्षं तेवढं भरपूर पुरतं. पण ते आधी सांगायला हवं होतं. मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

म्हणून बेल्टबद्दल थोडं समजून घ्या. व्हाइट, ब्लू, पर्पल, ब्राउन, ब्लॅक असा मोठ्यांचा क्रम. आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय जिउ-जित्सू संघटनेच्या नियमानं ब्लूवर साधारण दोन वर्षं, पर्पलवर दीड आणि ब्राउनवर एक वर्ष तरी काढावं लागतं. प्रत्यक्षात ब्लॅक बेल्टपर्यंत दहाएक वर्षं जातात. तीन वर्षांत ब्लॅक बेल्ट झालो असं कुणी सांगितलं तर जपून. ‘सर, तुम्हाला बेल्ट कुणी दिला?’ हे विचारायला लाजायचं कारण नाही. या विद्येत गुरुपरंपरा सांगणं ही रीतच आहे. जपानमधल्या कोदोकान या ज्युदो संस्थेचे ज्युदोपटू मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला गेले, त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले, पुढं ग्रेसींनी रिओमध्ये अकादमी काढली. पुढची बरीचशी साखळी तिथून येते. खरा शिक्षक आपलं नाव त्या साखळीत कुठं बसतं ते दोन वाक्यांत आणि आनंदानं सांगतो. जो चिडतो, त्याच्याकडं पैसे भरू नका.

ट्रायल क्लास सगळेच देतात. मी मात्र म्हणेन की आधी एक दिवस नुसतं बसून बघा. एक तासाच्या क्लासमध्ये जोर, बैठका आणि धावण्यात किती वेळ जातो ते घड्याळ लावून बघा. अर्धा तास गेला तर ते तुम्ही घरीही करू शकता. मग रोलिंग, म्हणजे जोडीनं खरी झटापट, सुरू झालं की नजर सर्वांत कच्च्या मुलावर ठेवा. त्याला कुणाबरोबर लावलं? त्यानं टॅप केलं, म्हणजे हार मानून हात थोपटला, की समोरचा त्याच क्षणी सोडतो का? टॅप करून सुद्धा अर्धा सेकंद जास्त दाबणारा माणूस ज्या मॅटवर खपवून घेतला जातो, तिथं आज ना उद्या कुणाचं तरी कोपर जाणार. व्हाइट बेल्टला आयबीजेजेएफच्या स्पर्धेत हील हूक चालत नाही. गी घालून तर कुणालाच चालत नाही. टाचेला पिळा देऊन गुडघा मोडणारा हा डाव आहे आणि दुखायला लागेपर्यंत बऱ्याचदा इजा होऊन गेलेली असते. पहिल्या महिन्याच्या पोरांना तो मजेत लावू देणारी जिम कितीही प्रसिद्ध असो, मी तिथं माझ्या भावाला पाठवणार नाही.

आणि सहा महिने झालेल्या मुलांशी बोला. पदकवाल्यांशी नको, ते कुठंही चमकले असते. सहा महिन्यांचा साधा मुलगा खालून सुटायला शिकला का, त्याच्याबरोबर आलेल्यांपैकी किती जण टिकले, हे तोच सांगेल.

माझं मूळ गाव परभणी जिल्ह्यात. चुलते गावच्या तालमीत वस्ताद होते आणि आम्ही सगळे लातूरच्या पैलवान हरिश्चंद्र बिराजदार मामांचं नाव ऐकत वाढलो. मी नववीपर्यंत लाल मातीत लोळलो. त्यामुळे जिउ-जित्सूत मला सर्वांत जड गेली ती एकच गोष्ट: पाठ टेकवणं. कुस्तीत पाठ लागली की खेळ संपला. चितपट. इथं पाठ टेकल्यावर खेळ सुरू होतो. तुम्ही उताणे पडून पायांनी समोरच्याला धरता, त्याला गार्ड म्हणतात, आणि तिथूनच गळा नाहीतर हात पकडता. डोक्याला कळायचं, पण अंग ऐकायचं नाही. मी पालथा पडायचो, पाठ देऊन बसायचो आणि मागून गळा आवळला जायचा. पहिल्या जिममध्ये मला रोज एकच वाक्य ऐकायला मिळायचं, ‘कुस्ती विसर.’ बजाजनगरच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, ‘दुहेरी पट येतो ना? सगळ्यांना दाखवा.’ समोरच्याचे दोन्ही पाय धरून पाडायचा तो डाव मी दाखवला. मग ते म्हणाले, ‘आता पट काढून वर आलात की पुढचं मी शिकवतो.’ त्या दिवशी मला ही जागा आपली वाटली. तुमच्याकडं आधीपासून जे आहे, त्याला तो शिक्षक काय करतो हे बघा. मराठवाड्यातून येणाऱ्या निम्म्या मुलांच्या अंगात तालीम असते.

चुलत्यांना फीचा आकडा कळला तेव्हा ते म्हणाले होते, ‘लेका, एवढे पैशे? तालमीत काय कमी हाय?’ त्यांना मी नीट उत्तर देऊ शकलो नाही. पण मॅट कशी ठेवावी हे मला त्यांच्याच तालमीतल्या मातीच्या हौद्यावरून कळतं. ते मातीत हळद, ताक, तेल, लिंबू मुरवायचे, रोज माती उकरायचे आणि चप्पल घालून कुणाला काठावर सुद्धा येऊ द्यायचे नाहीत. फोमच्या मॅटला तर त्याहून जास्त जपावं लागतं. घाम तिथंच राहतो, आणि गजकर्ण एकाला झालं की महिन्याभरात अर्ध्या बॅचला होतं. मला मानेवर झालं होतं. तीन आठवडे मलम लावून घरी बसलो. संभाजीनगरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, टँकर मागवावा लागतो. मॅट पुसायला पाणी वाचवणारी जिम उन्हाळ्यात ओळखू येते. म्हणून मे महिन्यात जाऊन बघा आणि मॅट शेवटची कधी पुसली ते विचारा. आमच्या शेडमध्ये मेमध्ये गी घालणं अशक्य होतं, तेव्हा सर महिनाभर नो-गी घेतात आणि दोन्ही बॅच संपल्यावर आम्हीच जंतुनाशक टाकून पुसतो.

माझी आतेबहीण चिकलठाण्याला नोकरी करते. तिनं तीन ठिकाणी ट्रायल घेतली आणि शेवटी महागडी जिमच निवडली, आणि बरोबर निवडली. तिथं आधीच चार बाया शिकत होत्या, कपडे बदलायला स्वतंत्र खोली होती, आणि कुणाबरोबर रोल करायचं ते सरांनी तिला विचारून ठरवलं. बाकी दोन ठिकाणी ती मॅटवर एकटी असती. तिच्यासाठी ते जास्तीचे पैसे खऱ्या अर्थानं वसूल आहेत. बदलीची नोकरी असेल, पुण्याला किंवा हैदराबादला जायची शक्यता असेल, तर मोठ्या अफिलिएशनचा उपयोग होतो. तिकडच्या शाखेत आपली ओळख आणि बेल्ट विनातक्रार चालतो. अर्थात ते तसं चालतं का, हे भरायच्या आधी तिकडच्या शाखेला फोन करून विचारा.

पैशांबद्दल एवढंच: पहिले तीन महिने महिन्याचीच फी भरा, सूट कितीही देऊ देत. मला वार्षिक पॅकेजवर दोन महिने फुकट मिळत होते, त्या मोहात दहा महिन्यांचे गेले. दुखापत झाली किंवा शिफ्ट बदलली तर फी पुढं ढकलता येते का, ते लेखी घ्या. मी सोडताना विचारलं तेव्हा ‘सर्वांना एकच नियम’ एवढंच उत्तर मिळालं. पावतीवर तसं छापलेलं होतं आणि मी ते वाचलेलं नव्हतं. बेल्ट टेस्टची वेगळी फी आहे का, बाहेरचा गी चालतो का, हेही त्याच दिवशी विचारून घ्या.

हिंगोलीच्या एका मुलानं मला विचारलं, इथं जवळपास जिम नाही, मी काय करू? मी त्याला ज्युदो शोधायला सांगितलं, नाहीतर तालीम. माएदा स्वतः ज्युदोचेच होते. पकड, तोल, पडणं आणि दम, हे चारही तिथं कमी पैशात मिळतं. वर्षभर ते करून तो संभाजीनगरला आला तर कुठल्याही मॅटवर पहिल्या दिवसापासून उभा राहील. तो आता जिल्हा क्रीडा संकुलावर आठवड्यातून चार दिवस जातो.

पहिल्या दिवशी नखं कापून जा, अंगठी आणि कडं घरी ठेवा. गी आणला की रात्रभर पिशवीत ठेवू नका, लगेच धुवून वाळत घाला. पावसाळ्यात एक गी वाळत नाही, दुसरा लागतोच. तो मात्र साधा घ्या.