मेकॅनिक्सचा पेपर सुटला की गेटवर काय होतं

पेपर झाल्यावर उत्तरं जुळवू नका, असं सांगणाऱ्यांतला मी नाही. सांगून कुणी ऐकत नाही, इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला तर नाहीच. जुळवा खुशाल. फक्त चारचौघांचं उत्तर वेगळं आलं म्हणजे आपण गेलो, हे आधी डोक्यातून काढा. मला याच बहुमताने छळलंय.

आमच्या पेपरात फ्रिक्शनचं, म्हणजे घर्षणाचं, साधं गणित होतं. ३० अंशांच्या उतारावर १०० न्यूटन वजनाचा ब्लॉक, स्टॅटिक फ्रिक्शनचा म्यू (घर्षण गुणांक) ०.४, आणि ब्लॉक उताराला समांतर, वरच्या बाजूला ७० न्यूटनने ओढलेला. फ्रिक्शन किती आणि कुठल्या दिशेला? गेटवर सगळ्यांचं ३४.६४. माझं २०. झालं! संध्याकाळी मॅथ्सचं पुस्तक उघडं आणि डोक्यात तो ब्लॉक.

आता नीट बघा. वजनाचा उतारावरून खाली ओढणारा भाग ५०, नॉर्मल रिअॅक्शन, म्हणजे उताराचा ब्लॉकवरचा लंब दाब (एन), ८६.६. त्याला ०.४ ने गुणलं की ३४.६४. इथवर कुणाचंच चुकलेलं नव्हतं. पण ३४.६४ ही फ्रिक्शनची कमाल मर्यादा. ब्लॉक सरकायच्या बेतात असेल तेव्हाच फ्रिक्शन तिथवर पोचतं. इथे वर ७०, खाली ५०, म्हणजे तोल राखायला २० पुरतात, आणि तेही उताराच्या खालच्या दिशेने, कारण ब्लॉकची ओढ वर जायची आहे. खालच्या दिशेला ३४.६४ धरलं तर बेरीज ८४.६४ होते आणि ब्लॉक खाली निघतो. वर ओढतोय आपण आणि फ्रिक्शन त्याला खाली घेऊन चाललंय, असं कुठे असतं का? ओढ बरोबर ५० केलीत तर फ्रिक्शन शून्य. १५.३६ ते ८४.६४ यांमध्ये कितीही लावा, ब्लॉक ढिम्म हलणार नाही, आणि दर वेळी फ्रिक्शन वेगळं येईल.

म्हणून ‘जस्ट’, ‘इम्पेंडिंग’, ‘ऑन द व्हर्ज’ असं, म्हणजे ब्लॉक सरकायच्या बेतात असल्याचं, काही प्रश्नात असेल तरच थेट म्यू गुणिले एन. नाहीतर आधी ब्लॉक स्थिर धरा, समीकरणातून फ्रिक्शन काढा, मग मर्यादेशी ताडून बघा. ‘फ्रिक्शन दिसलं की म्यू-एन’ हा क्लासमधला शॉर्टकट. असे शॉर्टकट वाटणाऱ्या सरांवर माझा राग आहे, आणि तो जाणारही नाही.

बाकी गेटवरची निम्मी भांडणं एकाच उत्तराच्या दोन रूपांवर असतात. ट्रसमध्ये (दांडे जोडून केलेल्या सांगाड्यात) एकाचं उणे १२, दुसऱ्याचं १२ कॉम्प्रेशन (दाब): मेंबर, म्हणजे दांडा, टेन्शनमध्ये (ताणात) धरून सुरुवात केली असेल तर दोन्ही एकच. एकाने जी (गुरुत्वीय त्वरण) ९.८१ घेतला, दुसऱ्याने १०. एकाने कोन आडव्यापासून मोजला, दुसऱ्याने उभ्यापासून. सगळंच विचित्र येत असेल तर कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिलाय का बघा. साइन ३० ला ०.५ च्या जागी उणे ०.९८८ दाखवतो.

मार्कांचं म्हणाल, तर सहा मार्कांच्या गणितात शेवटच्या आकड्याचा वाटा थोडाच असतो. स्टेप मार्किंग असेल तिथे एफबीडी (फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे सगळी बलं दाखवणारी आकृती), समीकरणं, मांडणी यांचे मार्क वेगळे पडतात. तेव्हा ‘उत्तर चुकलं, सहा गेले’ असा हिशोब मांडून रडत बसू नका. पण हेही ऐका: एफबीडी न काढता नुसता बरोबर आकडा लिहिला असेल तर फार आशा ठेवू नका. आकृतीत फ्रिक्शनचा बाण उलटा काढून पुढचं सगळं त्याच बाणाला धरून सोडवलं असेल, तर काही परीक्षक मार्क देतात, काही देत नाहीत. ते आपल्या हातात नाही.

ग्रुपवर सीनिअर सोल्युशन टाकतात, तेही घाईतच सोडवलेलं असतं. आमच्याकडे आलेल्या सोल्युशनमध्येही ३४.६४ च होतं. पुढचा पेपर होईपर्यंत ग्रुप म्यूट करा.

निकाल अगदीच अनपेक्षित लागला तर विद्यापीठाकडे उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागता येते. मुदत थोडी असते, त्यामुळे नोटीस बघत राहा. हातात आली की आधी गणितं तपासायला बसू नका. पहिल्या पानावरची बेरीज करा, सप्लिमेंटची (पुरवणीची) सगळी पानं आलीत का आणि ती तपासलीत का बघा, एखादा उपप्रश्न मार्क न देता सुटलाय का ते शोधा. मग रीव्हॅल्युएशनचे पैसे भरायचे की नाही ते ठरवा.