नदीत सडणारी बेवारस होडी हलवायची कशी

गोव्यात मांडवी किंवा शापोरा नदीत अर्धी बुडालेली ट्रॉलर (यांत्रिक मासेमारी होडी) दिसली की नुसतं हळहळू नका, आधी भरती-ओहोटी दोन्ही वेळेचे फोटो काढा, लोकेशन घ्या आणि नाळेवरचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरचा, नंबर वाचा. आयएनडी-जीए असं दिसलं तर ती गोव्यात नोंदलेली मासेमारी होडी, म्हणजे मालकाचं नाव मत्स्य खात्याकडे मिळणार.

अर्ज मात्र एकच लिहा, कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या (गोव्याचं बंदर खातं) नावाने, आणि प्रत मत्स्य खातं, पंचायत, प्रदूषण मंडळ सगळ्यांना, नाहीतर फाईल इकडून तिकडे फिरत राहते आणि होडी तिथेच. एकत्र पाहणीचा आग्रह धराच!

उचलण्याआधी डिझेल, बॅटऱ्या, जाळी काढायला सांगा, हे फार महत्त्वाचंय, कारण तेल सांडलं तर शिनाणे, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे शिंपले, मरतात.